यंदा बी उगवलं नाही

बाबा, यंदा तुमचं बी उगवलं नाही. हवा थंडावल्यावर मागच्या दारच्या वाफ्यात पेरलं, रोज ऑफिसला निघण्याआधी वाकून पाहिलं. मातीतून काहीच वर आलं नाही. हे पत्र कुठेही जाणार नाही, तरी कुणाला तरी सांगायला हवं.

आई गेल्यावर मी तुम्हाला मालवणहून इथे आखातात, अबू हलीफाला आणलं, तेव्हा तुम्ही धड बोलतही नव्हता. नातीने काही विचारलं तर तिच्या डोक्यावरून हात फिरवायचात, एवढंच. वरच्या मजल्यावरच्या लेबनानी आजीने तुम्हाला मागच्या दारी नुसतं बसलेलं पाहिलं आणि एक दिवस कागदाची पुडी हातात ठेवली. बटरहेड लेट्यूसचं, म्हणजे मऊ पानांच्या सॅलडच्या गड्ड्याचं बी, तिच्या आजोळच्या परसातलं, वर्षानुवर्षं धरत आलेलं. तिची अरबी तुम्हाला कळेना, तुमची मालवणी तिला, तरी वाफा दोघांनी मिळून केलात. ओल्या फडक्यातलं बी तुम्ही फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवलंत तेव्हा मी वैतागले. "उकाड्यात ह्यां रुजाचां नाय. तिनां करून दाखयलां," तुम्ही म्हणालात. कितीतरी दिवसांनी तुमचा आवाज ऐकला मी.

पहिला गड्डा कापला तो दिवस. मी भाकऱ्या थापतेय. कच्चा पाला गुरांनी खावा म्हणणारे तुम्ही मीठ लावून एक पान खाता, मग दुसरं, आणि सिंककडे तोंड करून म्हणता, "तुझ्या आवशीक आवडलां असतां." तव्यावरची भाकरी करपते, पण मला तुमच्याकडे वळून बघवत नाही.

एप्रिलात गड्डे उंच गेले, पिवळी फुलं आली, पानं कडू झाली. मी उपटायला गेले तर म्हणालात, "हात लावू नको गो. बी धरूंदे." ते बी चुरून, फुंकून तुम्ही बरणीत भरलंत. त्याच वर्षी ऑगस्टात तुम्ही गेलात. गावी नेताना विमानात मी वर बसले होते आणि तुम्ही खाली, सामानाच्या कप्प्यात. एअर होस्टेसने जेवण दिलं, ते मी झाकण न काढताच परत केलं.

मग दर हिवाळ्यात पेरलं, दरवर्षी बी धरलं. गेल्या साली लेकीच्या ॲडमिशनसाठी पुण्याला गेले, त्यात ऊन लवकर भडकलं. परतले तर फुलं देठावरच करपलेली. बरणीच्या तळाशी जुनं चिमूटभर बी होतं, तेच यंदा पेरलं. लेबनानी आजीही आता नाही, तिचा मुलगा देश सोडून गेला. मागायचं कुणाकडे?

परवा लेक सुट्टीवर आली. बॅग दारात टाकून तडक मागे गेली. वाफ्यात हिरवे गड्डे होते. "आजोबांचं लेट्यूस! आय मिस्ड धिस सो मच," म्हणत तिने एक पान तोडून उभ्याउभ्याच खाल्लं. तिचे डोळे भरून आले. "सेम टेस्ट ना, आई?"

मी हो म्हटलं.

रोपं मी नर्सरीतून आणली होती, बाबा. तिला अजून सांगितलेलं नाही.