तुझ्या बाजूनं डावा हात

उजवाच होता, आये. तू कितीही मान हलवलीस तरी पडद्यावरच्या त्या माणसानं वाटी उजव्याच हातानं पुढं केली होती, आणि ते मी एकट्यानं नाही, पुढं बसलेल्या सगळ्या गड्यांनी बघितलं होतं. तू आपली डावा, डावा म्हणत राहिलीस, आणि त्या डाव्या हातापायी आपल्या मळ्यात राबणारा माणूस हाकलून दिलास. मी तुला खोटारडी म्हणालो आणि घर सोडलं. तू जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण हे भांडण माझ्या डोक्यातनं जात नाही. दोर ओढताना, खुंट्या ठोकताना मी एकटाच तुझ्याशी बोलत असतो. बरोबरची पोरं हसतात. म्हणून आज लिहून काढतोय. तिसरीतनं शाळा सोडलेल्याचं लिहिणं, आणि तुला तर वाचताच येत नव्हतं, तेव्हा चुका काढायला कुणी नाही हे एक बरं.

त्या माणसाला आपण पाव्हणाच म्हणायचो. बा गेल्यावर पिंपळीच्या मळ्यात तू, मी आणि धाकटी एवढेच उरलो होतो, आणि हा इंदापूरच्या अंगानं, कारखान्याची ऊसतोड संपली म्हणून चालत आला होता. अजून दिसतो मला, खांद्यावर घोंगडं, पायाला धूळ. तू विचारतेस, "कुठलं गाव, पाव्हणं?" तो म्हणतो, "लांबचं हाय, वैनी." "लांबचं म्हंजी गावाला नाव न्हाय व्हय?" तो हसतो, खुरपं उचलतो आणि वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसतो. डावखुरा होता. खुरपं, विळा, सगळं डाव्या हातात. पण कुणाला काही द्यायचं झालं की आठवणीनं उजवा हात पुढं करायचा. लहानपणी मार खाऊन शिकला असणार. गावात त्याच्यावर बोलणं चालायचंच. कुणी म्हणायचं भावाला मारून पळालाय, कुणी म्हणायचं बायकोच्या मागं वेडा होऊन फिरतोय. तो हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. कालव्याच्या पाण्याची आपली पाळी नसली तरी अंधारात पाट फोडून पाणी आपल्या वाफ्यांत घ्यायचा. सकाळी पाटकरी शिव्या देत आला की तू साळसूद तोंडानं म्हणायचीस, "आमाला काय ठावं, बाबा? उंदरांनी फोडला असंल." त्याच पाण्यावरची मिरची आपण बारामतीच्या बाजारात विकली, आये. तेव्हा तुला त्याचा कुठलाच हात दिसला नाही.

मग धाकटीला हिवताप आला. थंडी भरायची, गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी पोर खाटेसकट हलायची. पाव्हण्यानं बांधावरची गुळवेल आणली, तीन दगडांच्या चुलीवर काढा उकळला आणि सकाळी सकाळी वाटीनं पाजायला लागला. काढा कडू जहर. धाकटी म्हणायची, "पाव्हणं, आदी तुमी प्या." तो घोटभर प्यायचा, तोंड असं काही वाकडं करायचा की ती हसता हसता वाटी रिकामी करायची. ताप उतरला. तुझ्या तोंडावरचा काळजीचा रंगही उतरला. तेवढ्यात बारामतीला तंबू आला, शेजारच्या काकूनं आपली बैलगाडी जुंपली आणि तुला आग्रह केला, "चल की गं, कवा जल्मात चित्र बघितलंस? म्हातारी बसती पोरीजवळ." धाकटीला त्यांच्या म्हातारीच्या हवाली करून तू पहिलं आणि शेवटचं चित्र बघायला आलीस.

बाजारतळावर तो तंबू होता. मधोमध पांढरा पडदा ताणलेला. चित्र टाकणाऱ्या मशिनच्या अंगाला आम्ही गडी, पडद्याच्या पलीकडं तुम्ही बाया. पुढं दोन आणे, मागं एक आणा. खेळाच्या आधी एक जण पडद्यावर पाणी मारायचा, म्हणजे ओल्या कापडातनं चित्र मागंही लख्ख दिसायचं. चित्रं तेव्हा मुकी होती. पुढं एक जण भोंगा घेऊन उभा, मधे मधे अक्षरांची पाटी आली की ती मोठ्यानं वाचायचा. चित्र देवाचं नव्हतं. सगळा काळोख. त्या काळोखातनं एक परका माणूस गावात येतो. त्याला कुणी पाणी देत नाही, एक म्हातारी तेवढी ओसरीवर जागा देते. तो सावकाराचं पेव फोडतो, धान्य म्हातारीच्या दारात ओततो. लोकांनी तिथं शिट्ट्या मारल्या. मग तोच माणूस राखणदाराचा गळा दाबतो. शिट्ट्या थांबल्या. माझ्या पुढचा एक तात्या ओरडला, "आरं मारा की त्येला!" त्याच्या शेजारचा म्हणाला, "तुला धान्य दिलं असतं मंजी न्हाय वरडला असतास." म्हातारीचा नातू आजारी पडतो. हा परका वाटी घेऊन येतो. पडदाभर नुसता हात आणि हातात वाटी. दुसऱ्या पाटीवर सकाळ झाली तर पोरगं गेलेलं, आणि परका नदीच्या वाळूतनं पाठमोरा चाललाय. औषध होतं का विष होतं, भोंगेवाल्यानं काही सांगितलं नाही. आमच्यातला एक म्हातारा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाला, "बिचाऱ्यानं लई केलं, पोराचं नशीबच न्हवतं." आणि त्याच वेळी तुमच्या बाजूनं पडद्यावर चप्पल येऊन आदळली. आम्हाला पुढनं दिसलं ते असं, की त्या माणसाच्या पाठीला आतनं टेंगूळ आलं आणि मावळलं.

परतताना गाडीत काकू बडबडत होती. मी म्हणालो, "चांगला हुता मानूस." तू म्हणालीस, "इख दिलं त्यानं." "कशावरनं?" "डाव्या हातानं दिलं. जीव लावणारा मानूस लेकराला डाव्या हातानं पाजतो व्हय?" मी म्हणालो उजवा होता. काकू म्हणाली डावा होता. गाडी हाकणारा काका म्हणाला, "बायांना डावं-उजवं कळतंय कुठं!" आणि हसला. दुसऱ्या दिवशी कालव्यावर धुणं धुताना, देवळाच्या पारावर, जिकडं तिकडं हेच. सगळे गडी उजवा म्हणत होते, सगळ्या बाया डावा. मी तुला म्हणालो, "समद्या गावानं उजवा बघितला." तू चुलीपुढनं मान वर केली नाहीस. म्हणालीस, "समदं गाव म्हंजी तुमी गडी व्हय?"

त्यानंतरची ती सकाळ मी पुन्हा पुन्हा बघतो. पाव्हणा काढा घेऊन दारात येतोय. उजव्या हातात धाकटीसाठी बोरं आणलीत, म्हणून वाटी डाव्या हातात. तेवढंच. तू उठतेस, वाटी त्याच्या हातातनं घेतेस आणि उकिरड्यावर ओततेस. धाकटी म्हणते, "आये, माझा काढा!" पाव्हणा हातातल्या बोरांकडं बघत उभा. "काय चुकलं, वैनी?" "चुकलं कुनाचंच न्हाय. माझी पोर हाय." मग तू आत जाऊन त्याच्या भाकऱ्या बांधतेस, वर बाचं नवं घोंगडं देतेस, आणि म्हणतेस, "उन्हाच्या आत निघा. दुसरीकडं काम बघा." त्यानं बोरं उंबऱ्यावर ठेवली आणि तो पाटाच्या कडेकडेनं गेला. वळणाआड होईपर्यंत तू दारात उभी होतीस. ते मी बघितलं होतं, पण मी तेव्हा असा पेटलेलो की तुला खोटारडी म्हणालो, चित्रातला हात आपल्या मनानं डावा केलास म्हणालो, आणि चार दिवसांनी घर सोडलं. धाकटी पुढं पुरती बरी झाली ती दवाखान्यातल्या कोयनेलाच्या गोळ्यांनी, की आधीच्या काढ्यानं, ते कोण सांगणार.

मी कुठं कुठं फिरलो ते तुला ठाऊक नाही. सोलापूरची गिरणी, मनमाडला कोळसा, एका जागी बूड टेकवलं नाही. तू गेल्याचं मला फार उशिरा कळलं. वरकुट्याला धाकटीच्या सासरी गेलो तेव्हा तिनं पाणी दिलं, लेकीला माझ्या मांडीवर ठेवलं, आणि मग म्हणाली, "आये शेवटाला तुजंच नाव घेत हुती. म्हनली, त्येला सांग, मी खोटं बोलले न्हाय." मी म्हणालो, "अजून तेच?" आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघून आलो.

आता मी वऱ्हाडात आहे, अशाच एका फिरत्या तंबूबरोबर. खांब पुरतो, दोर ओढतो. चित्रं आता बोलायला लागलीत, पण खेडोपाडी पडदा तोच, बाया मागं, गडी पुढं. पडद्यावर पाणी मारणारा पळून गेला म्हणून परवा बादली माझ्या हातात आली. पाणी मारून मी मागंच अडकलो, बायांच्या गर्दीतनं निघता येईना, तेवढ्यात खेळ सुरू झाला. पहिली पाटी आली आणि मला एक अक्षर लागेना. म्हटलं तिसरीचं सगळं विसरलो का काय. मग दिसलं, अक्षरं उलटी आहेत, शेवटाकडनं सुरुवातीकडं, पाठमोरी. पुढं चित्रातला नवरा जेवायला बसला आणि डाव्या हातानं घास घेतला. माझ्या बाजूची एक बाई दुसरीला म्हणाली, "पाह्य वं माय, डाव्या हातानं जेवून राह्यला!" मी तिथंच खाली बसलो, चिखलात. खेळ संपल्यावर मशिनवाल्या मिस्त्रीला विचारलं. तो सोलापूरचा, तोंडात पान. म्हणाला, "काय बे, एवढंबी ठावं न्हाय? मागून समदं उलटंच दिसतंय. आरशात बघतूस का न्हाय कधी?" तुम्हाला पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून तुम्हाला कळलं नाही. आम्ही पुढं बसलो होतो, म्हणून आम्हाला कळलं नाही.

तू डावाच बघितला होतास, आये. काकूनंही, आणि कालव्यावरच्या सगळ्यांनी. तू खोटं बोलली नाहीस. पण तरी माझं भांडण मिटत नाही बघ. हात तू बरोबर बघितलास, पण ओल्या कापडावरच्या हाताची शिक्षा दारातल्या माणसाला दिलीस. आणि लगेच दुसरं मन म्हणतं, पाट फोडणारा, नाव नसलेल्या गावचा माणूस, घरात नुकतीच तापातनं उठलेली पोर, तू एकटी बाई. मी तुझ्या जागी काय केलं असतं? पाव्हणा तेव्हा कुठं गेला, कोण होता, काढ्यात गुळवेलच होती ना, मला आजही सांगता येत नाही.

एक कुणाला सांगितलेलं नाही. बादलीचं काम मी मागून घेतलं. पाणी मारून झालं की रोज मागंच थांबतो, बायांच्या पाठीशी उभा राहून सगळं चित्र तुझ्या बाजूनं बघतो. काळोखातनं कुणी परका आला की पुढचे काय ओरडतात ते ऐकतो, मागच्या काय पुटपुटतात ते ऐकतो, आणि तो कसा आहे ते मला कुठल्याच बाजूनं ठरवता येत नाही.

हे टाकायला तुझा पत्ता नाही. कागद घडी करून ट्रंकेत ठेवतो. धाकटीला मनिऑर्डर तेवढी करतो. या खेपेला फॉर्मच्या कोपऱ्यात तिला लिहिलंय, इंदापूरला तंबू आला की लेकीला घेऊन जा, आणि बाया मागं बसल्या तरी तू पुढचं तिकीट माग, पुढंच बस. दर वेळचे तीन रुपये, आणि तिच्या तिकिटाचे वर दोन आणे. तीन रुपये दोन आणे.