न सोललेली वायर

प्रिय काका,

फोनवर तुम्ही "बरं आहे" एवढंच म्हणता आणि लगेच वहिनीच्या हातात देता, म्हणून पत्र. सकाळपासून दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले. आप्पा आपल्या रिपेरीच्या दुकानात येरझाऱ्या घालतायत. मध्येच टेबलाला धक्का लागतो नि अक्षर वाकडं होतं. त्यांनी शेजारच्या शिंप्याला शब्द दिलाय. सोमवारी तो माप घ्यायला येणार, अंगाचं नव्हे, आपल्या गाळ्याचं. "तुमचं टेबल हललं की माझी दोन मशिनं आरामात मावतील, ताई," हे तो मला अगदी आनंदाची बातमी द्यावी तसं सांगून गेला. आप्पांना भाऊ म्हणून तुमची काळजी आणि बाप म्हणून माझी; त्यांच्यावर रागावताही येत नाही.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून गिटारवाल्या मास्तरांचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बाहेर काढला. हो, तोच. तुम्ही दादाकडे गेल्यापासून तो कोपऱ्यात तसाच होता, वर कापड टाकलेला. आप्पा म्हणाले, "त्याला हात लावशील तर बघ." मी म्हटलं, न बघता कसा लावणार? ते हसले नाहीत.

आधी मीटर लावून आत वीज उरलेली नाही ना ते पाहिलं, मगच हात घातला. पॉवर सप्लायचे, बंद केल्यावरही वीज धरून ठेवणारे दोन्ही मोठे कंडेन्सर बुडाशी फुगले होते. नवे घातले, पण जुन्याच मापाचे. मोठे घालून गुणगुण आणखी कमी करायचा मोह झाला होता, मग तुमचं बोलणं आठवलं, "इंजिनियरबाई, रेक्टिफायर व्हॉल्व्ह म्हातारा आहे, त्याच्या डोक्यावर हंडा देऊ नका." दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची लावली, अर्थिंगला चॅसीच्या पत्र्यावर स्वतंत्र बोल्ट दिला, फ्यूज फेजमध्ये घेतला. मेनमधून चॅसीला जोडलेला तो शॉक देणारा छोटा कंडेन्सर काढूनच टाकला. आणि कंडेन्सरवर साठलेला भार आपोआप उतरवणारा रेझिस्टर टाकला, कारण तो या सेटमध्ये कधी नव्हताच. मालिकेत बल्ब लावून सुरू केला. बल्ब लख्ख पेटला आणि मंदावला, तेव्हा कळलं, आत कुठे शॉर्ट नाही. बंद केल्यावर मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत जागची हलले नाही. मास्तर वाजवून बघताना म्हणाले, "आवाज तोच आहे, फक्त भीती गेली." माझी कुठली जायला.

तुम्हाला शॉक बसला त्या दिवशी मी पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होते, पाठ तुमच्याकडे. फळीवरचे डबे पडले तेव्हा वळले. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, मनगट काळं पडलेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "डिस्चार्ज करायचं विसरलो." या एका वाक्याने घरातल्या सगळ्यांना कोडं सुटल्यासारखं झालं. हरवलेला चष्मा, दोनदा करपलेलं दूध, माझ्याऐवजी थोरल्या ताईचं नाव घेऊन मारलेली हाक, सगळं एका माळेत ओवलं गेलं. दादा तुम्हाला त्याच्या घरी घेऊन गेला. त्याआधी डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासून काही नाही म्हटलं होतं, तरी तुमचा विश्वास बसला नाही. निघताना तुम्ही मला म्हणालात, "डोकं एक वेळ विसरलं तर चालतं गं, माझे हात विसरले." घरातली एकुलती एक पदवीधर मी, आणि मी तुमची पिशवी तेवढी गाडीत ठेवली.

काका, परवा त्या सेटवरचं कापड काढलं तेव्हा कंडेन्सर रिकामा करायच्या आपल्या डिस्चार्जच्या वायरची चिमटी चॅसीला चावलेली होती. तुम्ही लावलेली. त्या दिवसापासून कोणी हातच लावला नव्हता, मग दुसरं कोण लावणार? मी वायर मीटरवर धरली. सरळ धरली तर काटा हलत नाही. चिमटीच्या मानेशी जरा वाकवली तर हलतो, सोडली की पुन्हा पडतो. वरचं प्लास्टिक धड आहे, तार आतून तुटली आहे. मध्ये रेझिस्टर असल्यामुळे ठिणगी पडत नाही, म्हणून काम झालं की नाही हे डोळ्यांना कळायचं नाही. आणि व्हॉल्व्ह काढून ठेवलेले, त्यामुळे भार उतरायला दुसरी वाटच नव्हती. तुमची चूक नाही असं मी म्हणणार नाही. वायरीनंतर मीटर लावायला हवा होता. तो आपण दोघंही लावत नव्हतो. पण तो हलगर्जीपणा झाला. विसरणं नव्हे. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "तू त्याला बरं वाटावं म्हणून म्हणतेस." तुम्हीही हेच म्हणाल, म्हणून वायर याच पाकिटात घातली आहे. मी ती सोललेली नाही, नाहीतर म्हणाल मीच तोडली. दादाकडे मीटर नसेल तर शेजारीपाजारी मागा, आणि सोमवारच्या आत तुमच्या हाताने तपासा.

तुमचीच,
इंजिनियरबाई