इकोच्या चाकावरचा अंगठा

आबा, तुमची इकोची पेटी अजून त्याच टेबलावर आहे, आणि तिच्या दोन्ही वायरी अजून कॉम्प्युटरला जोडलेल्या आहेत. आज दीपनगरहून एक गायिका आली होती, भक्तिगीतं रेकॉर्ड करायला. जाताना पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "दादा, तुमच्याकडचा तो जुना इको लावाल ना? लोक म्हणतात तो आवाज दुसरीकडे मिळत नाही." मी म्हणालो, "आमच्या वडिलांचा, आबांचा आहे. त्यातूनच काढून देतो." ती गेली आणि मी तसाच बसून राहिलो. म्हटलं, आता तुम्हालाच लिहावं.

पेटी तुम्ही आणली तेव्हा आपला लाऊडस्पीकरचा धंदा जोरात होता. धुळ्यात कुठलंही लग्न असो, भोंगे आपले. मग ऑर्केस्ट्रा आले, गाणाऱ्यांना आवाज घुमवून हवा झाला, आणि तुम्ही ही पेटी कुठूनतरी जुनी मिळवलीत. आत टेपचा एक छोटा पट्टा, टोकाला टोक चिकटवलेला, मोटरच्या चाकावर गोल गोल फिरणारा. एका ठिकाणी आवाज त्यावर उमटतो, पुढच्या ठिकाणी परत ऐकू येतो, आणि तोच इको, मागून येणारी साद. शिंदखेड्याच्या एका लग्नात वीज इतकी कमीजास्त व्हायला लागली की मोटर कधी पळे, कधी रडे, आणि गायक मध्येच थांबून तुमच्याकडे बघायला लागला. तेव्हा तुम्ही झाकण काढलंत, मोटर मुद्दाम जरा पुढे पळेल अशी लावलीत आणि डाव्या हाताचा अंगठा चाकाच्या कडेला टेकवून तिला आवरून धरलंत. उजवा हात बटणावर. त्यानंतर झाकण कधी लागलंच नाही. मी पुढे कितीदा प्रयत्न केला, माझ्या अंगठ्याखाली साद अडखळायची. मी बरंच काही आपलं आपण शिकलो, कुठल्या क्लासला गेलो नाही, कोणाला गुरू केलं नाही. पण ते जमलं नाही हे मान्य आहे.

कॉम्प्युटर घरात आला तो नव्वदचं दशक संपत असताना. तुमचा डावा पाय तोवर ओढला जायला लागला होता. पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता आणि तुम्ही सगळ्यांना ठासून सांगत होतात की गेला तो फक्त पाय, बाकी बठ्ठं ठीक शे. मागच्या खोलीत मी कॉम्प्युटर मांडला. इंग्रजी पुस्तकं शब्द लावत लावत वाचली आणि कॉम्प्युटरातली वाद्यं वाजवायला शिकलो. वाद्य म्हणजे नुसता प्रोग्रॅम, सॉफ्टवेअर. की-बोर्डावर बोट ठेवलं की सनई, बासरी, तंतुवाद्यांचा ताफा, काय हवं ते. जळगावच्या एका कॅसेटवाल्या शेठजींनी कानबाईच्या गाण्यांची कॅसेट करायला दिली. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसायच्या आधी ती बाजारात हवी होती. मी पहिलं गाणं तयार करून मोठ्या दिमाखात ऐकवायला नेलं. शेठजी डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "भाऊ, सूर बराबर आहे. पण हे असं वाटतं की बाई कपाटात बसून गाते आणि सनईवाला पण तिच्याच शेजारी बसलाय."

घरी येऊन मी काही बोललो नव्हतो, तरी तुम्हाला कळलं. तुम्ही पलंगावरून म्हणालात, "मन्ही पेटी काढ." मी हसलो होतो. तुम्ही म्हणालात, "हसू नको. तुन्हा आवाज त्या डब्बामाच जन्मना आन डब्बामाच मरना. त्याले जरा बाहेर तं काढ."

मग मी तसंच केलं. कॉम्प्युटरातली सनई वायरीतून बाहेर काढली, तुमच्या पेटीत घातली, आणि पेटीतून येणारा आवाज दुसऱ्या वायरीने परत कॉम्प्युटरात घेतला. तो परत यायला किंचित उशीर लावायचा. मला ते खपेना. म्हणून प्रत्येक गाण्याच्या आधी मी एक टक्क आवाज ठेवायचो, तो परत आला की पडद्यावर कुठे पडला ते बघायचो, आणि सबंध पट्टी तेवढी मागे ओढून मूळ आवाजाशी जुळवायचो. माझ्या माहितीत आपल्या भागात तेव्हा असं कोणी करत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर सनई पहिल्यांदा अंगणात येऊन वाजल्यासारखी वाटली.

पण त्यात एक अडचण होती. कॉम्प्युटरात चुकलेला सूर नंतर दुरुस्त करता येतो. पेटीतून जाणारं गाणं मात्र अथपासून इतिपर्यंत वाजू द्यावं लागतं, आणि तेवढा वेळ तुमचा अंगठा चाकावर हवा. मे महिना. बाहेर झळा, धूळ टेपवर बसेल म्हणून खिडक्या बंद. कूलर लावला की विजेचा दाब पडायचा आणि मोटर दमायची, म्हणून कूलर बंद. पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर वायरीत शिरायची, म्हणून पंखा बंद. त्या खोलीत तुम्ही स्टुलावर, मी खुर्चीत, गुडघ्याला गुडघा लागलेला, आणि आई दारातून म्हणायची, "दोन्हीजन उकडीसन मरशात." तुमच्या घामाचा आणि गरम रबराचा वास मिळून एक वास झाला होता.

मला बाहेर पडायचं होतं, आबा. नुसतं खोलीतून नाही. पुण्याच्या एका स्टुडिओच्या मालकाने माझं काम ऐकून निरोप पाठवला होता की दसऱ्यापर्यंत ये, वर राहायला खोली आहे, तुझ्यासारखा कान मला हवा. तुम्हाला ते मी जेवताना सांगितलं होतं. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "कॅसेट पुरी कर. मंग जाय." एवढंच. म्हणजे कॅसेट आणि मी एकाच दोरीला बांधलेले, आणि दोरी तुमच्या हातात.

आणि कॅसेट पुरी होईना. गाणं संपत आलं की साद डुगडुगायची, सूर खाली घसरल्यासारखा व्हायचा. मी थांबवायच्या आत तुम्हीच म्हणायचात, "आखो एकदाव लाव." परत लावायचो, परत तेच. पुढचं गाणं, तेच. शेठजींचे निरोप यायला लागले. मी मनाशी जुळवत गेलो: ज्या माणसाने इतक्या लग्नांत चाक एकसारखं धरलं त्याचा अंगठा आता नेमका शेवटच्या कडव्यातच कसा चुकतो? एका दुपारी माझा तोल गेला. "आबा, तुम्ही मुद्दाम करी राहिनात. मी जाऊ नये म्हनीसन."

तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही बटण फिरवून परत सुरुवातीच्या खुणेवर आणलंत. मग तेच. "आखो एकदाव लाव."

मी लावलं नाही. पेटी बंद केली आणि पुसायला घेतली, कारण काम थांबवलं की टेपवर आवाज उमटवणारं हेड आणि चाक स्पिरिटने पुसायचं ही शिस्त तुम्हीच लावलेली, रागात असलो तरी हात आपोआप तिकडे जायचा. टेपची भुकटी तांबूस असते, कापसावर फिकट विटकरी डाग पडतो. त्या दिवशी कापूस लाल झाला. मी परत पुसलं. परत लाल. मी तुमचा डावा हात ओढून घेतला. अंगठ्याची कातडी चाकावर घासून पार निघाली होती, आत ओलं मांस. माझ्या हातात स्पिरिटचा बोळा होता. मी तो तसाच त्या जखमेवर दाबला आणि तुमच्या तोंडाकडे बघितलं.

तुम्ही सांगत होतात की पुढच्या गाण्यात सनई जरा कमी ठेव, बाईचा आवाज दबतो. बोलणं अडलं नाही, भुवईसुद्धा हलली नाही. मग तुम्हाला माझं बघणं दिसलं. तुम्ही खाली हाताकडे पाहिलंत आणि हात हळूच काढून घेऊन मांडीखाली ठेवलात, दुसऱ्या कोणाची वस्तू लपवावी तसा.

 आईला मी सांगितलं की पेटीचा पत्रा लागला. अंगठ्याला पट्टी बांधली, बरा होईपर्यंत थांबलो, आणि मग प्रत्येक गाणं एकदाच घेतलं. साद घसरली तरी म्हणालो, "झालं, आबा. मस्त आलं." तुम्ही माझ्याकडे संशयाने बघितलंत, कारण मी असं पहिल्या झटक्यात मस्त म्हणणारा माणूस नाही. कॅसेट गेली. कानबाईच्या रात्री गल्लीगल्लीत वाजली. ती घसरण कोणाला कळली नाही. मला दर वेळी कळते, अजून.

दसरा आला आणि गेला, मी पुण्याला गेलो नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. रोज सकाळी वाटायचं की आज बॅग भरावी, आणि मग तुम्ही डाव्या हाताने गरम चहाचा पेला उचलायचात आणि मी उठून तो उजव्या हातात द्यायचो. दारावर कोणी आलं की तुम्ही सांगायचात, "त्याले पुनानी काय गरज? बठ्ठं आठेच शे." तुम्हाला वाटलं असेल की सगळं इथेच आहे म्हणून तुम्ही मला राखलंत. मी ते तसंच वाटू दिलं. तुम्ही गेल्यावर जायला हरकत नव्हती, पण तोवर माझाच पट्टा टोकाला टोक चिकटलेला होता. या खोलीत सगळं कुठे आहे ते मला अंधारातही सापडतं, आणि कधीकधी याच गोष्टीने जीव घुसमटतो.

आता तुमच्या पेटीसारखा इको कॉम्प्युटरातच मिळतो, चाकाच्या डुगडुगण्यासकट. मी तोच वापरतो. पेटीतला पट्टा, तुमच्या हाताने चिकटवलेला शेवटचा, केव्हाच तुटला. मी दुसरा लावला नाही. मोटर बंद आहे. तरी प्रत्येक गाणं मी त्या पेटीतून काढतो. आवाज आत जातो, जसा गेला तसाच कोरा बाहेर येतो, थोडा उशिरा, आणि मी तो पडद्यावर ओढून जागेवर आणतो. त्या बाईंचंही उद्या तसंच काढीन, आणि विचारलं तर म्हणेन, आबांच्या इकोतून काढलंय.