मुक्काम पोस्ट लिंबाखाली

लहानू स्टोव्ह रिपेरिंगवाले,
गोदामाच्या भिंतीले लागून, कडुलिंबाखाली,
कॉटन मार्केटमागे, नागपूर.
दि. १३ जानेवारी १९७४

आदरणीय आनंदराव दादास,

धाकट्या लहानूचा सप्रेम जय भीम, आणि वहिनीलेही तेवढाच. इकडे मी आणि प्रेमिला खुशाल आहो. तुझा गुडघा काय म्हणते? धानाचं चुरणं-मळणं आटोपलं असेल, तं आता तरी त्याले आराम दे गा. वरचा पत्ता वाचून दचकू नको. तो खरा आहे. नंदनवनच्या खोलीचं काय झालं ते खाली सांगतो. आधी मी प्रसिद्ध कसा झालो ते ऐक.

इथे 'तळवाट' नावाचं मासिक निघते. गोरगरिबांच्या बाजूनं लिहिते आणि मनापासून लिहिते (विकत कोणी घेत नाही, पण मान सगळे देतात). त्याचे संपादक भैयाजी एक दिवस फोटोग्राफर घेऊन आमच्या लिंबाखाली आले. बेघरांचा विशेषांक काढून राहिले होते. फोटो म्हटल्यावर मी काय तसाच बसतो? तेल लावून भांग पाडला, लग्नातला कोट घातला, दुकानाची पाटी पुसली. फोटोग्राफरनं आधी कोट काढायले लावला, मग पाटी उचलून झाडामागे ठेवली, आणि मग म्हणे, नैसर्गिक बसा. आता नैसर्गिक म्हणजे मी काम करत बसतो. गिऱ्हाइकाचा एक तुंबलेला स्टोव्ह होता. पंप मारला तं असा भकाभका धूर सुटला, की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. तो बुवा एकदम ओरडला, "बस, असेच राहा!" मी राहिलो. दारी आलेल्या पाहुण्याचं (दार नसलं तरी) मन काहून मोडायचं?

पंधरा दिवसांनी अंक आला. मुखपृष्ठावर पानभर मी, रडून राहिलेला. खाली छापलं होतं, 'या चेहऱ्याला नाव नाही.' आत लिहिलं होतं, की हा निरक्षर जीव आकाशाकडे पाहत दिवस ढकलतो (आकाश कुठचं, वर लिंब आहे), आणि शेजारी बसते त्याची मूक सहचारिणी. हे सगळं त्या निरक्षर जीवानंच प्रेमिलाले मोठ्यानं वाचून दाखवलं. ती आधी पोट धरधरून हसली. मग तिनं लुगडं बदललं आणि म्हणाली, चला. दादा, तुले प्रेमिला ठाऊक आहे. मूक सहचारिणी त्या मासिकाच्या कचेरीत दीड तास बोलली. सातवी पास नवऱ्याले निरक्षर काहून म्हटलं, नाव विचारलं होतं का, विचारलंच नाही तं 'नाही' कसं छापलं, आणि कोट काय चोरीचा होता, असं सगळं तिनं एका दमात काढलं. मी मधेमधे पाणी देत होतो.

दुसरा कोणी असता तं चपराशाले बोलावलं असतं. भैयाजींनी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, आणि मान खाली घालून म्हणाले, "लहानूजी, वाचणाऱ्याले दया यावी असंच लिहायची सवय लागली हो आम्हाले." मले 'जी' म्हणणारा हा पहिला माणूस. माझा राग तिथंच विरघळला. (प्रेमिलाचा आणखी अर्धा तास चालला.) मग त्यांनी विचारलं, काय छापू? मी म्हटलं, नाव छापा आणि जागा छापा. कारण दादा, खरं दुखणं ते होतं. पत्ता नाही म्हणून रेशन कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून साखर नाही, घासलेट नाही. अन् मी स्टोव्हवाला! तीनदा अर्ज परत आला होता.

पुढच्या अंकात माझं पूर्ण नाव, सातवी पास, कोट, पाटी आणि लिंबापर्यंतची वाट खुणांसकट छापून आली. वर मोठ्या अक्षरांत, 'चूक आमची.' तो अंक घेऊन भैयाजी स्वतः आमच्यासोबत रेशनच्या कचेरीत आले. बाबू म्हणे, झाड म्हणजे घर नव्हे. भैयाजी म्हणाले, मान्य, पण माणूस तं तिथंच राहते, येऊन पाहा. निरीक्षक आला, चहा प्याला, घरच्या स्टोव्हसाठी पिन विकत घेतली आणि शेरा लिहून गेला, 'समक्ष पाहिले. राहतात.' तो शेवटचा शब्द वाचताना मले खरंच रडू आलं दादा, स्टोव्ह विझलेला असताना.

कार्ड मिळालं. भैयाजींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. चुका सगळेच करतात, पण आपली चूक आपल्याच मासिकात छापणारा माणूस मी तं हाच पाहिला.

तुझा धाकटा,
लहानू

ता. क. नंदनवनची खोली कधीच नव्हती. पूर्वेची खिडकी, दारातला नळ, शेजारचे गुलाब, सगळं मी रचलं. (गुलाब जरा जास्तच झाले.) तुझी पत्रं तिथल्या शालिकराम किराणावाल्याकडे येत, आणि दर रविवारी मी पायी जाऊन आणत होतो. आपलं गाव कुही सोडताना तुले म्हटलं होतं ना, घर केल्याशिवाय तोंड दाखवणार नाही. सहा वर्षं झाली, घर काही झालं नाही. तोंड मात्र सगळ्या नागपुराले दाखवून झालं. माफ कर.

दुसरा ता. क. आता खरं काम. मले एक पोस्टकार्ड टाक, याच पत्त्यावर. आमच्या भिंतीजवळून पोस्टमन रोज सायकलनं जाते, पण सहा वर्षांत एकदाही उतरला नाही. त्यानं उतरावं आणि माझं नाव पुकारावं, एवढं मले ऐकायचं आहे. लिहायले काही सुचलं नाही, तं शिव्या लिही.

तिसरा ता. क. प्रेमिला म्हणते, तिच्या नावाचं वेगळं टाका. रेशन कार्डावर तिचंही नाव आहे, आणि उत्तरात तिले बरंच बोलायचं आहे.