क्रांतीचा फोटो

प्रिय सरोजिनी,

“फोटोपुरती चप्पल काढ गं, लगेच देते परत.” सोळा वर्षांपूर्वी नेसरीच्या शाळेत तू हे आठ वर्षांच्या क्रांतीला म्हणालीस. आपल्या चित्रशिबिराचा शेवटचा दिवस होता. पोर पायांकडे बघत राहिली, कारण चप्पल कोरी होती. तिच्या वडिलांनी, जोतीरामांनी, शिबिरासाठी म्हणून गडहिंग्लजच्या बाजारातून आणलेली. ती मी काढून घेतली आणि फोटो होईपर्यंत पाठीमागे धरून उभी राहिले. फोटोखालची ओळही माझीच: ‘अनवाणी पायांना रंगांची वाट.’ तू माझी पाठ थोपटलीस आणि मी दिवसभर खुशीत होते. या सगळ्यातून मी स्वतःला वगळत नाही.

कसबा बावड्यातल्या दोन खोल्यांत आपली संस्था उभी राहिली ती त्या फोटोवर. पुढे तू पुण्याच्या शिक्षणसंस्थेची संचालक झालीस, मग इथल्या कलाप्रतिष्ठानची. माणसं मागे टाकलीस, मलाही. फोटो मात्र प्रत्येक ठिकाणी नेलास. तो आता पुरे कर, असं मी एकदा म्हटलं, तेव्हा तू हसून म्हणालीस, “पायात चप्पल दिसली की देणगीदार पान उलटतो, ऋता.” तू काम केलं नाहीस असं मी म्हणणार नाही. तुझ्यामुळे शेकडो मुलांच्या हातात कुंचला आला. म्हणूनच तुझा राग जास्त येतो. तुला कळत नव्हतं, अशी समजूत करून घ्यायचीही सोय नाही.

इतकी वर्षं तो फोटो देणगीदारांच्या अहवालांतच फिरत होता. यंदा तू त्याचं कॅलेंडर काढून शाळाशाळांना वाटलंस, खाली मुलीचं नाव आणि गाव छापून. क्रांती आता गारगोटीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, हे तुला ठाऊक नसेल. विचारलंस कधी? सहावीतली एक पोरगी भर वर्गात म्हणाली, “बाई, ह्यो फोटो तुमचाच न्हवं? पायात घालायला बी न्हवतं व्हय तुमच्या?” वर्ग हसला. क्रांतीही हसली म्हणे. घरी जाऊन मात्र दोन दिवस जेवली नाही.

परवा बापलेक माझ्याकडे आले. जोतीराम खुर्चीत टेकलेसुद्धा नाहीत. “चार म्हशी हायत माझ्या गोठ्यात. माझी पोरगी अनवाणी कवा फिरली, सांगा की बाई!” मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आतच थांबले. क्रांती एवढंच म्हणाली, “बाई, तो फोटो बंद करायला सांगाल?”

आणि काल तुझ्या सत्कार समितीच्या अमरसिंहांचा फोन आला. रविवारच्या सोहळ्यासाठी तुझं मानपत्र मी लिहावं, तुला मी जवळून ओळखते म्हणून. गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो आहे, हेही त्यांनी कौतुकानं सांगितलं. मानपत्र मी लिहिणार नाही, तसं त्यांना कळवलंय. तुझ्याकडे एकच मागणं आहे. शनिवारी माझ्याबरोबर नेसरीला चल. गाडी, माणसं, कॅमेरा काही नको. आपण दोघी एस.टी.नं जाऊ. जोतीरामांच्या घरी, पुढच्या सोप्यात बसून, त्या दिवशी आपण काय केलं ते क्रांतीसमोर तुझ्या तोंडानं सांग, आणि तिथूनच छापखान्यात फोन करून मुखपृष्ठ थांबव. तू येणार नाहीस, कारणही मला माहीत आहे: तुझं सगळं त्या फोटोवरच उभं आहे. तरी मी सकाळी आठ वाजता स्टँडवर असेन. ये.

‘तुझीच’ लिहायला हात धजत नाही,
ऋता