जागं करणार आहेत

३ मार्च
आले एकदाची. प्रयोगशाळेच्या वरच्याच मजल्यावर खोली मिळाली, म्हणजे रोजची धावपळ वाचली. डॉक्टरबाई मोकळ्या स्वभावाच्या आहेत. पहिल्याच दिवशी डोक्याला तारा लावून माझ्याच मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवल्या. डोळे मिटून निवांत बसलं की संथ, एकसारखी लाट. डोळे उघडून गुणाकार करायला घेतला की ती मोडते आणि बारीक, घाईच्या रेघा उमटतात. गाढ झोपेत मात्र डोंगराएवढ्या, सावकाश लाटा येतात म्हणे. ताईला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, तुझ्या डोक्यात काहीतरी आहे हे एकदाचं सिद्ध झालं.

९ मार्च
बाईंना प्रयोगासाठी माणूस हवं होतं, मीच तयार झाले. कानात ठरावीक ठेका वाजतो, मेंदू हळूहळू त्या तालावर येतो आणि लक्ष ढळत नाही. खरंच ढळत नाही. गणितं झरझर सुटतात. समोरचा चहा गार झालेलाही कळला नाही.

१७ मार्च
ताईचा फोन. बाबा गेले. मी गाडीची वेळ विचारली, कुणाकुणाला कळवायचं ते सांगितलं. ती म्हणाली, अगं, रड तरी. प्रयत्न केला. मग बॅग भरायला घेतली.

२१ मार्च
जाऊन आले. अंत्यसंस्कार नीट पार पडले. आज बाईंनी तपासलं. मी बोलत होते, उत्तरं बिनचूक देत होते, आणि पडद्यावर त्या डोंगराएवढ्या लाटा. बाईंनी तारा बदलल्या, यंत्र बदललं. तेच. शेवटी हळूच म्हणाल्या, “तू गाढ झोपली आहेस. मग माझ्याशी कोण बोलतंय?”
मी म्हटलं, मीच.

२४ मार्च
ठेका कधीच बंद केलाय. लाटा तशाच. घाबरायला हवं, एवढं कळतं.

२६ मार्च
ताई आली. लहानपणीचं काय काय विचारलं. सगळं बरोबर सांगितलं. तिने माझा हात धरला, मग सोडला. बाहेर जाऊन बाईंना म्हणाली, “ही माझी धाकटी नाही.” दार उघडंच होतं.

२७ मार्च
आज जागं करणार आहेत. औषध देऊन. ताईने सही केली.
आत कुणीतरी रडतंय. बाबांसाठी. खूप लांबून — ती जागी झाली, तर मी —
बाई आल्या. पेन ठेव म्हणतात. दंडाला गार लागतंय. मी अजून —