आलुबुखाऱ्याच्या आळ्यातलं पाणी

माय, इतक्या वर्षांनी लिहितो आहे, राग धरू नको. तू गेलीस तेव्हा गोंदियासुद्धा आपल्याच जिल्ह्यात होतं. मधे कितीदा लिहावंसं वाटलं, पण मी अर्ध्यात शाळा सोडलेला, कागद घेतला की हात अडतो. आज जिवाला चैन नाही म्हणून बसलो.

आपल्या घरामागच्या सांदवाडीत, विहिरीजवळ, आलुबुखाऱ्याचं झाड आहे. मला ताप आला की तोंडाला चव यावी म्हणून तू साकोलीच्या बाजारातून सुकलेला आलुबुखारा आणायचीस, त्याचंच. तुझ्या नातवाची बायको पहाडातली आहे. तिच्या वडिलांनी स्वतः कलम बांधून हे रोप तिला दिलं आणि त्याच हिवाळ्यात ते वारले. दोघं नोकरीच्या गावी राहतात. जाताना ती माझा हात धरून म्हणाली, "बाबूजी, अब ये आपके भरोसे."

मी जपलं, माय. पण जन्म धानाच्या बांधीत गेला, कोरडी माती दिसली की राहवत नाही. आळ्याभोवती मातीची पाळ घालून पाणी तुंबवत राहिलो. बायको म्हणाली, "काय जी, इथं धानाचा रोवणा करून राहिले का?" मी तिच्यावरच खेकसलो, "तुले काय समजते?" दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली, तर आणखी पाणी घातलं. आता एक पान नाही. नुसत्या काड्या उभ्या आहेत.

मग तुझ्या मिरच्या आठवल्या. मी लहान आहे, तुला खूश करायला वाफे काठोकाठ भरून ठेवले आहेत, आणि तू पदर खोचून हातानेच वाफा फोडते आहेस. "पोरा, मुळालेबी दम घ्या लागते. हे का धान हाय?" पानं होती तेव्हा हे का नाही आठवलं?

दर रविवारी सुनेचा फोन येतो. "बाबूजी, पेड़ कैसा है?" मी म्हणतो, "मस्त है बेटा." बायको म्हणते, "सांगून टाका ना एकदाचं." बापाच्या हातचं तिच्याजवळ एवढंच उरलं आहे. होळीला ती येणार. कोणत्या तोंडाने सांगू?

सालीवर नख ओढलं तर आत हिरवं आहे की वाळलं, लगेच दिसेल. एवढं मलाही समजतं. रोज सकाळी जातो, फांदीला बोट लावतो आणि परत येतो. तू बघ. स्वप्नात ये, कशीही ये, पण लवकर कळव. उद्या रविवार आहे.